विमेन्स ओपन पहिल्यांदा बघणार असाल तर आधी वारा बघायला शिका

एआयजी विमेन्स ओपन ही महिलांच्या प्रोफेशनल गोल्फमधल्या पाच मेजरपैकी (मेजर म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा) वर्षातली शेवटची मेजर, जुलै संपता संपता नाहीतर ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये होते, आणि मला विचाराल तर पाचही मेजरमध्ये बघायला सगळ्यात भारी हीच. पण पहिल्यांदा बघणाऱ्याची इथे फार पंचाईत होते हेही खरं. मी पहिल्यांदा बघायला बसले तेव्हा लीडरबोर्डकडे टक लावून बसले होते, वरच्या चार नावांशिवाय काही कळत नव्हतं, आणि कॉमेंटेटर मात्र 73 मारलेल्या एका मुलीचं तोंडभर कौतुक करत होते, म्हणजे पारपेक्षा, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक जास्त! तेव्हा वाटलं यांना काय झालंय. नंतर लक्षात आलं की ती दुपारच्या वाऱ्यात खेळली होती आणि वरची सगळी नावं सकाळी शांत हवेत खेळून केव्हाच हॉटेलवर गेली होती. ह्या स्पर्धेत लीडरबोर्ड अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी वारा सांगतो. तेवढं एक बघायला शिकलात ना की चार दिवस टीव्हीसमोरून हलवणार नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांना गोल्फचा स्कोअरच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. 18 होल म्हणजे एक राउंड, गुरुवार ते रविवार रोज एक असे चार राउंड म्हणजे 72 होल, सगळ्यात कमी फटक्यांत संपवेल ती जिंकली. प्रत्येक होलला किती फटके लागायला हवेत तो आकडा ठरलेला असतो तो पार, एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. लीडरबोर्डवर मायनस दिसला की चांगलं, प्लस दिसला की पारच्या वर. बास, एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचं बघता बघता येतं.

आता पहिलं काम, आणि हे स्पर्धा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच करा. यंदा कोर्स कुठला आहे ते बघा. ही स्पर्धा दरवर्षी वेगळ्या कोर्सवर असते आणि कोर्स बदलला की खेळच बदलतो. जास्त करून ती लिंक्स कोर्सवर होते. लिंक्स म्हणजे समुद्रकाठची वाळूवरची जमीन, झाडं जवळपास नाहीतच, खालून वाळू असल्यामुळे पाणी पटकन निचरून जातं आणि जमीन कडक राहते, त्यामुळे बॉल पडला की थांबत नाही, घरंगळत जातो, कधीकधी तीस चाळीस यार्ड. आणि झाडंच नाहीत म्हणजे वारा अडवायला काहीच नाही. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्युअरफिल्ड, रॉयल ट्रून हे स्कॉटलंडमधले, रॉयल लिदम आणि रॉयल लिव्हरपूल इंग्लंडमधले, आणि 2025 ला पहिल्यांदाच स्पर्धा वेल्समध्ये गेली, रॉयल पोर्थकॉलला. पण दरवर्षी लिंक्सच असतो असं नाही हां. 2019 चं वोबर्न आणि 2023 चं वॉल्टन हीथ हे दोन्ही समुद्रापासून लांब आत आहेत, आणि फरक किती पडतो बघा, वोबर्नला जपानची हिनाको शिबुनो 18 अंडर, म्हणजे पारपेक्षा 18 फटके कमी, मारून जिंकली. लिंक्सवर वारा सुटला तर असले आकडे स्वप्नातसुद्धा दिसत नाहीत.

कोर्सचा नकाशा मिळाला तर फक्त एक गोष्ट शोधा, होल (म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्यापर्यंतचा आख्खा पट्टा) कुठल्या दिशेला जातात. हे फार कामाचं आहे आणि नवीन माणसाला कोणी सांगत नाही. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स साधारण सरळ बाहेर जातो आणि तसाच परत गावाकडे येतो, म्हणजे जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर. ट्रूनला नेहमीचा वारा असेल तर जाताना मदत करतो, तिथे स्कोअर करून घ्यायचा आणि मग परतीच्या नऊ होलांवर तो सांभाळत घरी यायचं. त्यामुळे ट्रूनला कोणी नऊ होलनंतर 3 अंडर दिसली तर लगेच हुरळून जायचं नाही, खरी परीक्षा अजून व्हायचीय. म्युअरफिल्ड एकदम उलट, तिथे पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या दिशेने गोल फिरतात आणि पुढचे नऊ त्याच्या आतून उलट्या दिशेने, त्यामुळे वारा सतत बाजू बदलत राहतो, एका होलला पाठीशी तर दुसऱ्याला डावीकडून तर तिसऱ्याला तोंडावर, खेळाडूला त्याची सवयच होऊ देत नाही. 2026 ची स्पर्धा रॉयल लिदमला आहे, तिथून तर समुद्रही दिसत नाही, आजूबाजूला घरं आणि कडेने रेल्वे लाईन, पण बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, दीडशेच्या वर आणि पहिलाच होल पार 3! सहसा पहिला होल हातपाय मोकळे करायला देतात, इथे पहिल्याच फटक्याला ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, गाठायचं.

दुसरं काम म्हणजे टी टाइमची यादी, कोण किती वाजता खेळायला निघणार त्याची. हे बुधवारपर्यंत कळतं. पहिले दोन दिवस साधारण दीडशेच्या जवळ खेळाडू असतात, तिघी तिघींचे ग्रुप, पहिला ग्रुप सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघतो आणि शेवटचे ग्रुप दुपार कलल्यावर. जी गुरुवारी सकाळी खेळली ती शुक्रवारी दुपारी आणि गुरुवारची दुपारवाली शुक्रवारी सकाळी. कागदावर अगदी न्याय्य वाटतं ना, पण हवा काही टाइमटेबल बघून वागत नाही. गुरुवारी दुपारी वारा पिसाळला आणि शुक्रवारी सकाळीही तसाच राहिला तर अर्ध्या जणींना दोन्ही दिवस मार आणि उरलेल्या अर्ध्या जणींना दोन्ही दिवस मोकळं आभाळ. ह्याला ड्रॉ म्हणतात, चांगला ड्रॉ मिळाला, वाईट ड्रॉ मिळाला असं कॉमेंटरीत सतत ऐकायला येईल. म्हणून मी काय करते, एका कागदावर माझ्या आवडीच्या पाच सहा जणींची नावं आणि त्यांच्यापुढे सकाळ की दुपार एवढंच लिहून ठेवते, आणि फोनवर त्या गावाचं तासातासाचं हवामान उघडून ठेवते. गुरुवारी संध्याकाळी लीडरबोर्ड बघताना हा कागद शेजारी ठेवा. दुपारच्या वाऱ्यात 71 मारणारी आणि सकाळच्या शांततेत 68 मारणारी, ह्यातली पहिली मला जास्त पुढे वाटते, आणि रविवारपर्यंत बऱ्याचदा ते खरं ठरताना दिसतं. वेळेचं म्हणाल तर भारतातली घड्याळं तेव्हा तिथल्या साडेचार तास पुढे असतात, म्हणजे तिथली सकाळ आपल्याकडे अकरा साडेअकराची वेळ आणि रविवारचा शेवट आपल्या रात्री. जागरण फार नाही, त्या बाबतीत अमेरिकेतल्या मेजरपेक्षा ही फारच सोयीची.

वारा किती टोकाला जाऊ शकतो ते सांगते. 2012 ला रॉयल लिव्हरपूलला, म्हणजे हॉयलेकला, ऑलिंपिकमुळे त्या वर्षी स्पर्धा सप्टेंबरमध्ये होती. शुक्रवारी खेळ सुरू झाला आणि वारा इतका की ग्रीनवर ठेवलेला बॉल आपोआप सरकायला लागला, खेळ थांबवला, आणि मग त्या सकाळी जेवढा खेळ झाला होता तो सगळाच रद्द केला, स्कोअर पुसून टाकले. दुसरा राउंड शनिवारी नव्याने, आणि रविवारी एकाच दिवसात 36 होल. त्या शनिवारी कोरियाच्या जियाई शिनने 64 मारला आणि शेवटी 9 फटक्यांनी जिंकली, ती 9 अंडर आणि दुसरी आलेली इनबी पार्क बरोब्बर पारवर. म्हणजे आख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली राहिली ती एकटीच! असलं काही बघितलं की कळतं लिंक्सवर जिंकणं म्हणजे काय.

आता खुर्चीत बसल्यावर नेमकं बघायचं काय ते.

सगळ्यात आधी झेंडा. ग्रीनवरच्या काठीचा झेंडा कॅमेऱ्यात येतो तेव्हा तो कुठे फडफडतोय आणि किती जोरात हे बघायची सवय लावा, मग खेळाडूच्या पॅंटचे पाय बघा, मग ती गवताच्या दोन काड्या हवेत सोडते त्या कुठे जातात ते. झेंडा एका दिशेला आणि टीवरचं, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथलं, गवत दुसऱ्याच दिशेला असंही होतं, आणि तिथेच खेळाडू आणि कॅडीची, म्हणजे तिची बॅग उचलून सल्ला देणाऱ्याची, कुजबुज लांबते. ती कुजबुज ऐका, मायक्रोफोन बऱ्याचदा पकडतो, कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, कुठे पाडायचा, किती घरंगळेल. दीडशे यार्डाचा फटका असतो पण वारा तोंडावर म्हणून दोन तीन क्लब मोठा काढतात, आणि उलट वारा पाठीशी असला तर बॉल ग्रीनच्या अलीकडे पाडून पुढे पळू देतात कारण थेट ग्रीनवर पाडला तर थांबायचाच नाही.

मग फटका. समोरून वारा असताना नवशिक्या माणसाला वाटतं जोरात मारायला हवं, होतं उलटंच, जोरात मारलं की बॉलला स्पिन जास्त बसतो, बॉल वर चढतो आणि वाऱ्याने तिथेच उभा राहून खाली पडतो. म्हणून मोठा क्लब घेऊन हळू मारतात. हे ओळखायची खूण सांगते, फटका झाल्यावर हात कुठे थांबले ते बघा. नेहमीच्या फटक्यात हात वर खांद्यामागे जातात, खालून जाणाऱ्या फटक्यात छातीच्या उंचीवरच थांबतात. एकदा का हे दिसायला लागलं की तुम्हाला आधीच कळतं की आता बॉल खालून जाणार, आणि तो गेला की जो आनंद होतो! 2025 ला पोर्थकॉलला जिंकलेली मियू यामाशिता फक्त 150 सेंटीमीटर उंचीची आहे, लांब मारणाऱ्यांमध्ये तिचं नाव येत नाही, पण फटक्यावरचा ताबा असा की दुसऱ्या दिवशी 65, शनिवारी 74 झाले तरी डगमगली नाही, रविवारी परत 70 आणि 11 अंडरवर दोन फटक्यांनी जिंकली. ताकदीनेच गोल्फ जिंकतात असं वाटणाऱ्या कोणालाही मी तिचा तो रविवारचा राउंड बघायला सांगते.

ग्रीनच्या जवळ आल्यावर अजून एक गंमत. ग्रीनच्या वीस पंचवीस यार्ड बाहेरून खेळाडू चक्क पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल जमिनीवरून ढकलायची काठी, काढतात. इतर कोर्सवर असं क्वचित दिसतं, तिथे बॉल उचलून टाकतात, पण इथे जमीन कडक आणि गवत बारीक कापलेलं, बॉल जमिनीवरूनच चढउतार बघत नेणं जास्त खात्रीचं. जमिनीवर बॉल जितका जास्त तितकी वाऱ्याची सत्ता कमी, साधं गणित आहे. आणि ग्रीन मुद्दामच इतर मेजरपेक्षा जरा हळू ठेवतात कारण फार गुळगुळीत केले तर वाऱ्याने बॉल पळतील, त्यामुळे पट (पटरचे फटके) कमी पडले की खेळाडू वैतागलेले दिसतात, त्यांच्या हाताला आदल्या महिन्यातले वेगवान ग्रीन बसलेले असतात.

आणि बंकर. लिंक्सचे बंकर म्हणजे खोल खड्डे, छोटे, आणि पुढची भिंत गवताचे थर एकावर एक रचून उभी केलेली. बॉल बंकरच्या जवळ पडला तरी जमीन त्याला आत ओढून नेते, म्हणून दहा फुटांचा बंकर खेळायला तीस फुटांचा होतो. आत भिंतीला चिकटून बॉल बसला की पुढे मारताच येत नाही. अशा वेळी जगातली अव्वल खेळाडू बंकरमध्ये उतरते, दोनदा वर बघते आणि मग बाजूला किंवा चक्क मागे मारते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चुकल्यासारखं वाटतं, पण तिथे तोच शहाणपणाचा फटका असतो, कारण पुढे मारायच्या हट्टापायी त्याच खड्ड्यात तीन फटके गेलेले मी कितीतरी वेळा बघितलेत. बंकर दिसला की स्वतःला विचारा, ही पुढे मारेल की मागे, आणि मग बघा तुमचं बरोबर येतं का. माझं अजूनही निम्म्या वेळा चुकतं.

सेंट अँड्र्यूजला असेल त्या वर्षी थोडं जास्त वाचून बसा, कारण तिथला प्रत्येक खड्डा नावाचा आहे. दोन होलना मिळून एक असे सात प्रचंड ग्रीन आहेत, त्यामुळे शंभर शंभर फुटांचे पट बघायला मिळतात. 14 वर हेल बंकर, 18 च्या ग्रीनपुढे व्हॅली ऑफ सिन नावाचा खोलगट भाग, बॉल कमी पडला की परत त्यात घरंगळतो. पण सगळ्यात महत्त्वाचा 17 वा, रोड होल. ग्रीनच्या पुढे बंकर, मागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत, ग्रीन अरुंद. 2007 ला महिलांची ही स्पर्धा पहिल्यांदा ओल्ड कोर्सवर आली तेव्हा हा होल पार 5 धरला होता आणि कोर्सचा पार 73 होता, 2013 पासून पार 4 आणि कोर्स 72. होल तोच. म्हणून मी म्हणते पारचा आकडा फार मनावर घेऊ नका, त्या दिवशी त्या होलवर बाकीच्यांना सरासरी किती लागले ते बघा, स्क्रीनवर दाखवतात.

2007 ला मेक्सिकोची लोरेना ओचोआ पहिल्या दिवसापासून पुढे राहून जिंकली, तिची ती पहिलीच मेजर. 2013 ला शनिवारी वाऱ्याने खेळ थांबला, रविवारी जवळजवळ दोन राउंड एका दिवसात, आणि अमेरिकेच्या स्टेसी लुईसने त्याच 17 व्या होलवर 5 आयर्न नावाच्या क्लबने बॉल झेंड्याच्या तीन फुटांवर नेऊन ठेवला, 17 ला बर्डी, 18 ला बर्डी, संपलं. आणि 2024 ला न्यूझीलंडची लिडिया को. पॅरिसचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकून दोन आठवडे झाले होते, त्या सुवर्णाने तिला एलपीजीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिला गोल्फ संघटनेच्या, हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली होती, आता हिला अजून काय हवंय असं लोक म्हणत होते. शेवटच्या दिवशी वारा पाऊस थंडी सगळं, अमेरिकेच्या नेली कोर्डाला 14 वर डबल बोगी पडली, कोने 18 ला बर्डी केली आणि मग बाजूला उभी राहून मागच्या ग्रुपची वाट बघत राहिली. अमेरिकेच्याच लिलिया वूला बरोबरी करायला 18 ला बर्डी लागत होती ती आली नाही. 7 अंडर, दोन फटक्यांनी जिंकली. हा राउंड कुठे पुन्हा बघायला मिळाला तर बघाच, वाऱ्यात शांत कसं राहायचं ते त्यात दिसतं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र लीडरबोर्डच्या वरच्या भागाकडे दुर्लक्ष करा आणि खाली जा, 65 व्या नंबरच्या आसपास. दोन राउंडनंतर पहिल्या 65 आणि त्या आकड्यावर बरोबरीत असलेल्या सगळ्या पुढे जातात, बाकीच्या घरी. हाच तो कट. ही रेघ संध्याकाळभर वरखाली होत असते, वारा वाढला की खाली सरकते आणि सकाळीच खेळून बाहेर बसलेल्या एखादीला अचानक जागा मिळते. आणि इथे खेळणाऱ्यांमध्ये काही अमॅच्युअर मुली असतात, पैसे न घेता खेळणाऱ्या, कॉलेजच्या वयाच्या, चारही राउंड पुरे करणाऱ्यांत ज्या अमॅच्युअरचा स्कोअर सगळ्यात चांगला तिला स्मिथ सॅल्व्हर नावाचं चांदीचं ताट मिळतं. त्या मुलींसाठी शुक्रवारचा कट म्हणजेच फायनल.

बघायला खेळाडू कसे निवडायचे तर माझा नियम असा, एक नाव मोठं घ्या आणि एक असं घ्या की जिचं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही. कारण ही स्पर्धा दुसऱ्या प्रकारच्यांना फार जवळ करते. 2020 ला ट्रूनला, प्रेक्षक नव्हते, जर्मनीची सोफिया पोपोव्ह जिंकली तेव्हा ती जगात 304 वी होती, आणि थोडेच आठवडे आधी तर ती एका मैत्रिणीची कॅडी म्हणून बॅग उचलत होती! मेजर जिंकणारी ती पहिली जर्मन महिला. 2019 ची शिबुनो 20 वर्षांची, जपानबाहेर पहिल्यांदाच खेळायला आली होती, पहिलीच मेजर, आख्खा राउंड हसत हसत खेळली आणि शेवटच्या होलवर लांबचा पट टाकून जिंकली. 2009 ला लिदमला स्कॉटलंडची कट्रिना मॅथ्यू जिंकली तेव्हा दुसरी मुलगी होऊन फक्त 11 आठवडे झाले होते, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. 2018 ला त्याच लिदमवर इंग्लंडची 22 वर्षांची जॉर्जिया हॉल जिंकली आणि तिची बॅग उचलायला तिचे वडील होते. आपल्या मुलींमध्ये अदिती अशोक आणि दीक्षा डागर ह्या दोघींवर नजर ठेवा, 2023 ला वॉल्टन हीथला दीक्षा बरोबरीत 21 वी आली होती, डावखुरी आहे आणि तिला ऐकू येत नाही, श्रवणयंत्र लावून खेळते. टीव्हीवर ह्यांचे फटके फार दाखवत नाहीत हे मनाला लागतं, त्यासाठी लीडरबोर्डमध्ये नावावर टॅप करून होल बाय होल स्कोअर बघायचा, तसं करून मी आख्खे राउंड बघितलेत.

एक सल्ला जाता जाता, आदल्या आठवड्यात विमेन्स स्कॉटिश ओपन असते, तीही लिंक्सवर. तिथे जास्त करून ह्याच खेळाडू असतात, जमीन आणि वारा अंगवळणी पडायला येतात. त्याचे शेवटचे दोन दिवस बघितले तर पुढच्या आठवड्यात कोणाचा हात बसलाय ते आधीच कळतं आणि तुमचेही डोळे तयार होतात.

थोडा इतिहासही माहीत असू द्या, कारण त्याशिवाय काही क्षणांचं वजन कळत नाही. स्पर्धा 1976 ला सुरू झाली आणि मेजर झाली 2001 ला. आधी नावात ब्रिटिश होतं, 2020 पासून नुसतं विमेन्स ओपन. आता आर अँड ए ही गोल्फची संस्था चालवते. म्युअरफिल्डच्या क्लबने बायकांना मेंबर करून घ्यायला 2016 च्या मतदानात नकार दिला होता, 2017 ला पुन्हा मतदान होऊन दार उघडलं, आणि 2022 ला विमेन्स ओपन पहिल्यांदा तिथे खेळली गेली. बक्षिसाची एकूण रक्कम 2018 ला 32.5 लाख डॉलर होती, 2025 ला 97.5 लाख. सात वर्षांत तिप्पट. ह्या मुली खेळत तर आधीही अशाच होत्या, पैसे उशिरा आले.

प्रत्यक्ष तिथे जायचा योग आला तर पहिल्याच दिवशी आवडत्या खेळाडूच्या मागे 18 होल चालायची घाई करू नका. आधी कुठल्यातरी पार 3 च्या ग्रीनजवळ दोन तास बसा, सगळे ग्रुप तिथूनच जातात, एकाच वाऱ्यात वीस पंचवीस जणी एकच फटका कसा वेगवेगळा मारतात ते दिसतं, टीव्हीवर हे कधीच कळत नाही. मग सराव करतात त्या रेंजवर जा. चालायचं ते शनिवारी. ऊन असलं तरी पाण्यापावसाचं जॅकेट बरोबर हवंच, ऑगस्ट आहे म्हणून फसू नका, तिथे समुद्रावरून अर्ध्या तासात सगळं बदलतं. फोन सायलेंट, फटक्याच्या वेळी जागच्या जागी उभं राहायचं, आणि फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) ओलांडायचा तो फक्त दोरी उघडून देतात तिथूनच.

आणि रविवारी टीव्ही लवकर बंद करू नका, पाच फटक्यांची आघाडी असली तरी नाही. 2022 ला म्युअरफिल्डला दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाय पाच फटके पुढे असताना रविवारी निघाली, कित्येकांनी तेव्हाच तिचं अभिनंदन करून टाकलं असेल, आणि 15 व्या होलवर बंकरने घोळ केला, पारपेक्षा तीन फटके जास्त, आघाडी संपली, कोरियाची चुन इन जी बरोबरीला. अशी बरोबरी झाली की तेव्हा सडन डेथ होतं, म्हणजे 18 वा होल पुन्हा पुन्हा खेळायचा, एकीचा स्कोअर कमी आला की तिथेच निकाल. त्या दिवशी तो होल चार वेळा खेळावा लागला, अंधार पडत आलेला, दोघींना बॉल कुठे पडला ते दिसणंही कठीण होत चाललेलं. बुहायचा नवराही कॅडी, पण त्या आठवड्यात तो दुसऱ्याच खेळाडूची बॅग उचलत होता, त्यामुळे तो ग्रीनच्या कडेला नुसता उभा राहून बघत होता. चौथ्या वेळी तिचा बॉल परत बंकरमध्ये. बंकरनेच तिची आघाडी घालवली होती आणि आता शेवटचा फटका परत वाळूतून. ती आत उतरली, बॉल अलगद बाहेर काढून झेंड्याजवळ थांबवला, छोटा पट टाकला आणि पारवर जिंकली.